लष्कराच्या भाकऱ्या, रेणापूरच्या तव्यावर

रेणापूरला आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे. दिवसा त्यावर सातबारे, पीकविम्याचे कागद आणि भाचीचे परीक्षेचे फॉर्म निघतात. रात्री दहानंतर सगळे झोपले, की त्याचा पंखा घोंघावायला लागतो.

‘‘रातभर काय करायलंय हे?’’ आईने एकदा विचारलं.

‘‘तारे शोधायलंय.’’

‘‘पैसे देतात?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या,’’ असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

मला विचाराल तर याला ‘इर्जिक’ हा शब्द जास्त शोभतो. एखाद्याच्या नांगरटीला गावातले लोक आपापली बैलं, औतं घेऊन येत, दिवसभर रान नांगरत आणि संध्याकाळी जेवून घरी जात. इथे बैलांच्या जागी घरोघरचे रिकामे बसलेले संगणक आहेत, आणि रान एवढं मोठं आहे की एका महासंगणकाला ते आटोपत नाही. मग त्याचे हजारो तुकडे करायचे आणि एकेक तुकडा, म्हणजे एकेक ‘टास्क’, जगभरच्या घरांत पाठवायचा.

ही कल्पना घरोघरी पोचवली ‘सेटी ॲट होम’ने. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने १७ मे १९९९ ला तो प्रकल्प सुरू केला. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींत परग्रहावरच्या कुणाची हाक सापडते का, ते त्यात तपासायचे. हाक सापडली नाही आणि ३१ मार्च २०२० नंतर नवं काम पाठवणं थांबलं. पण त्याच विद्यापीठात डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून ‘बॉइंक’ ही मोफत प्रणाली उभी केली होती. तिच्यावर कोणताही प्रकल्प आपलं काम वाटू शकतो. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ २००५ पासून तिच्यावरच चालतो. आमच्या डेस्कटॉपवर रात्री चालतो तोही हाच.

तो निवडायला कारण आहे. हा प्रकल्प अमेरिकेतल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळांच्या नोंदी तपासतो. तशीच तिसरी वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आमच्या घरापासून सरळ रेषेत ती जागा १३० किलोमीटरांच्या आसपास भरेल. उद्या मराठवाड्याच्या जमिनीतून जी मोजमापं निघतील, त्या जातीची मोजमापं आज आपल्या घरात दळली जातात, एवढं मला पुरतं.

१४ सप्टेंबर २०१५ ला लायगोला पहिली गुरुत्वीय लहर सापडली ती दोन कृष्णविवरांच्या टकरीची, सेकंदभरही न टिकलेली. आइन्स्टाइन ॲट होम शोधतो ती लहर वेगळी, न थांबणारी. भराभर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर इवलासा उंचवटा असेल तर त्यातून एक क्षीण सूर सतत निघत राहील. अडचण अशी, की पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, त्यामुळे त्या सुराची पट्टी सारखी थोडी वर-खाली सरकते. किती सरकते, ते तारा आकाशात कुठे आहे त्यावर ठरतं. तारा कुठे आहे हेच ठाऊक नाही! म्हणून प्रत्येक दिशा, प्रत्येक पट्टी धरून पुन्हा पुन्हा हिशेब करायचा. ती लहर अजून कुणालाच सापडलेली नाही. मात्र याच प्रकल्पात रेडिओ दुर्बिणींच्या नोंदीही तपासल्या जातात, आणि २०१० मध्ये त्यांतून एक नवा पल्सार, म्हणजे असाच भराभर फिरणारा न्यूट्रॉन तारा, सापडला. सेकंदाला सुमारे ४१ फेऱ्या घेणारा हा तारा आधी दिसला तो अमेरिकेतल्या आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्त्सच्या एका माणसाच्या संगणकांत.

या व्यवस्थेचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे तिचा अविश्वास. कुणाच्याही घरातलं यंत्र चुकेल, बंद पडेल, असं धरूनच ती बांधलेली आहे. एकच टास्क साधारणपणे दोन अनोळखी यंत्रांना जातो. दोघांचं उत्तर जुळलं तर ते खरं, नाही जुळलं तर तिसऱ्याला विचारायचं. एखादं यंत्र सारखं नापास होऊ लागलं, की त्याला रोज मिळणाऱ्या कामाची मर्यादा खाली येते. ते सुधारलं की मर्यादा पुन्हा झपाट्याने वाढते. त्यामुळे आपला टास्क करपला म्हणून विज्ञानाचं काही अडत नाही. आपल्या घरात काहीतरी बिघडलंय, एवढं मात्र कळतं.

सुरुवातीला ‘कम्प्युटेशन एरर’ दिसला की मी सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करायचो. त्याचा उपयोग शून्य, उलट अर्धवट झालेले चांगले टास्कही जातात. आधी नोंद वाचायची. प्रत्येक नापास टास्कच्या पानावर एक आकडा असतो. १९६ म्हणजे डिस्कवर ठरवून दिलेली जागा ओलांडली, १९७ म्हणजे वेळ, १९८ म्हणजे मेमरी. २०३ असेल तर फार शोधू नये, घरातल्याच कुणीतरी रद्द करण्याचं बटण दाबलेलं असतं. प्रोग्रामची फाइलच सापडत नसेल तर अँटिव्हायरसने ती उचलून कोंडून ठेवली आहे का, ते बघायचं.

२०० या आकड्याने मात्र मला रडवलं. त्याचा अर्थ, मुदत संपेपर्यंत टास्क सुरूच झाला नाही. मुदत चौदा दिवसांची, टास्क आदल्या दिवशी आलेले, आणि सगळे एकदम रद्द! झालं होतं ते असं. मदरबोर्डवरचा गोल सेल, हातातल्या घड्याळात असतो त्याचा थोरला भाऊ, मेला होता. लाईट गेली की संगणकाची तारीख कैक वर्षं मागे जायची. मग सर्व्हरशी संपर्कच होईना, कारण त्या तारखेला सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र जन्मलेलंच नसायचं. त्या दिवशी ६ मार्च होता. मी बायोसमध्ये जाऊन हाताने तारीख घातली, ती आपल्या सवयीने, आधी दिवस. त्या खिडकीत महिना आधी होता. यंत्राला वाटलं ३ जून उजाडला. वीस-तीस रुपयांच्या सेलने पुढचं सगळं निस्तरलं.

लाईटचं दुखणं तेवढ्यावर संपत नाही. टास्क मधून मधून आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतो आणि लाईट आल्यावर तिथून पुढे निघतो. नेमकी लिहितानाच लाईट गेली तर फाइल अर्धीच राहते. घरचा इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना क्षणभर अडखळतो. पंख्याला ते जाणवत नाही, संगणकाला जाणवतं. छोटा यूपीएस लावला आणि अशा चुका जवळपास थांबल्या.

उन्हाळ्याचं प्रकरण जास्त लबाड आहे. मे महिन्यात पत्र्याची खोली रात्री अकरालाही भट्टीसारखी असते. प्रोसेसर तापला की स्वतःच मंद होतो, फारच तापला तर बंद पडतो, म्हणजे निदान सांगून तरी जातो. अशक्त झालेला पॉवर सप्लाय किंवा दुखणाईत रॅम यांतलं काही सांगत नाही. टास्क पूर्ण होतो, शेरा चांगला दिसतो आणि चार दिवसांनी कळतं, की आपलं उत्तर जोडीदाराशी जुळलं नाही, तिसऱ्याने जोडीदाराचीच बाजू घेतली. दहा तासांची मजुरी शून्य. अशा वेळी मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावावा. आमच्याकडे रॅमची एक पट्टी सदोष निघाली, दुसरीचे पाय खोडरबरने घासले तेवढ्यावर ती सुधारली. पंख्यात सोयाबीनच्या राशीच्या दिवसांतलं भुसकट इतकं बसलं होतं, की चिमटीत धरून निघालं. मी आता मे महिन्यात चारपैकी दोनच कोअर कामाला देतो. शंभर वॉट धरले तरी दहा तासांत एक युनिट जळतं, तेही निम्म्याच्या आसपास येतं.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या एका प्रकल्पाचे टास्क घेऊन पाहिले. एकामागून एक, मिनिटाभरात नापास. तीन दिवस मी सेल पाहिला, रॅम बदलून पाहिली, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावली. जे सर्वांत आधी करायचं ते चौथ्या दिवशी सुचलं, जोडीदारांची यादी उघडायचं. एकाच टास्कवर पाच निरनिराळी यंत्रं, पाचही नापास, आणि वर प्रकल्पाचाच शेरा, ‘टू मेनी एरर्स, मे हॅव बग’. खोट टास्कमध्येच होती.

संगणकाचा डबा उघडाच पडला होता. आई चहा घेऊन आली. ‘‘उघडलासच तर धूळ तरी पूस,’’ म्हणाली.