हुकूम आणि मजकूर

श्रोतेहो, ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले त्याने संगणकावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही शाळेत फारसे शिकलो नाही. जे शिकलो ते रात्री पुस्तके चाळून. पण आज कामगाराचा पगार, त्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याचे बँकखाते, सारे संगणकाच्या दप्तरात आहे. तेव्हा ते दप्तर फुटते कसे, हे आपणांस ठाऊक हवे.

या दप्तराला बहुधा एसक्यूएल नावाच्या भाषेत हुकूम द्यावा लागतो. समजा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने हुकूम रचला: नोंदी दाखव, जेथे नाव = '…'. मधल्या जागी ग्राहकाने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला. कोणी सखाराम लिहिले तर सखारामची नोंद मिळते. पण एखाद्या लबाडाने नावाऐवजी ' किंवा '१'='१ असे लिहिले, तर हुकूमच बदलतो: जेथे नाव = '' किंवा '१'='१'. एकास एक सदाच बरोबर. म्हणजे सर्वांच्याच नोंदी बाहेर! मजकुराने हुकमाचे सोंग घेतले. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

२०१५ साली ब्रिटनमधील टॉकटॉक या टेलिफोन कंपनीकडून १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँकखात्याचे तपशीलही गेले. दप्तराची प्रणाली जुनाट होती आणि तिच्यातील दोषावरची दुरुस्ती साडेतीन वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होती. २०१६ साली कंपनीला चार लाख पौंड दंड झाला.

हा धोका ओळखावा कसा? प्रोग्राममध्ये हुकमाच्या वाक्याला बाहेरचा मजकूर जोडलेला दिसला, की तेथे बोट ठेवावे. दुसरी खूण अशी: गोव्याकडील डिसूझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना 'डी'नंतर वर एक चिन्ह येते. ते लिहिताच संगणक अडखळून दप्तराची चूक दाखवू लागला, तर भोक आहे असे समजावे.

आता उपाय. आमच्या सभेत ठराव आधी मंजूर होतो, नाव मागाहून भरले जाते. त्या जागी कोणी काहीही लिहिले तरी ठराव बदलत नाही. तसेच हुकमाचा साचा दप्तराला आधी द्यावा आणि मूल्य वेगळे पाठवावे. अवतरणचिन्हे गाळीत बसण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा. तक्त्याचे किंवा रकान्याचे नाव मात्र असे पाठवता येत नाही. ते आपणच ठरवलेल्या यादीतून घ्यावे. पूर्वी साठवलेला मजकूरही पुन्हा वापरताना याच रीतीने पाठवावा. शिवाय प्रोग्रामला दप्तरात कामापुरताच अधिकार द्यावा. ज्याला फक्त वाचायचे, त्याला खोडण्याची मुभा कशाला?

रात्रीचा दिवस करून प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरावर सारा दोष टाकून मालकाला सुटता येणार नाही. तपासणीला वेळ देणे आणि जुनी यंत्रणा दुरुस्त ठेवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे. दप्तर कंपनीचे असेल. त्यातली नावे आपली आहेत. म्हणून आपल्या पतपेढीत, आपल्या कारखान्यात हा प्रश्न विचारा: हुकूम आणि मजकूर तुम्ही वेगळे ठेवता काय?