‘झिंगाट’ थांबल्यानंतरचा ‘सैराट’

हळद असो, वरात असो की गणपती, डीजेवाल्याला ‘झिंगाट’ लावल्याशिवाय सुटका नाही. सासवा नाचतात, सुना नाचतात, एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आजीसुद्धा दोन पावलं टाकते. पण ते गाणं ज्या सिनेमातलं आहे, त्याची गोष्ट त्या वेळी कुणी काढत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला तिच्या माहेरचीच माणसं मारून टाकतात, अशी ती गोष्ट आहे. आज आम्ही त्याच ‘सैराट’विषयी बोलणार आहोत.

सिनेमा आला २०१६ साली. दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, आणि गोष्टही त्याच भागातली. अर्ची पाटलांची लेक. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कुणाच्या बापाला घाबरत नाही. परश्या मासे धरून पोट भरणाऱ्या घरातला, अभ्यासात हुशार. अर्चीचं काम केलेली रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोरगी. तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांतही दखल घेतली गेली. तिच्या तोंडची बोली आपल्या कानाला घरची वाटते, ती का, हे वेगळं सांगायला नको.

संगीत अजय-अतुल यांचं. गाणी चार. त्यातली वाद्यं थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. उसाचा फड, विहीर, केळीची बाग आणि मागे शंभर व्हायोलिनं वाजल्यासारखा आवाज! गरिबाच्या पोराचं प्रेमही राजाच्या प्रेमाएवढंच मोठं, असं ते संगीत सांगतं. आम्हाला हे फार आवडलं. नाहीतर सिनेमात खेड्यातलं प्रेम म्हणजे एक तर चेष्टा, नाहीतर लावणी.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, काळजाला चटका लावणारी गोष्टच आहे. चारही गाणी पहिल्या भागात आहेत. ‘झिंगाट’ वाजतं ते अर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या, वाढदिवसाला. सगळं गाव नाचतं, परश्याही नाचतो. त्याच रात्री दोघं घरच्यांच्या हाती सापडतात. मग मारहाण सुरू होते, पळापळ होते, आणि तिथून पुढे सिनेमा जवळजवळ तीन तासांचा होईपर्यंत एकही पूर्ण गाणं नाही. पहिल्यांदा पाहताना हे लक्षात येत नाही, नुसतं मन जड होत जातं. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतला आहे. लहान लेकरू रडतं, पण त्याचं रडणं ऐकू येत नाही. ज्या भावाच्या वाढदिवसाला आपण पाय थिरकवले, तोच त्या शेवटाला कारण असतो.

मधला हैदराबादचा भाग काही जणींना लांबट वाटतो. आम्हाला मात्र तोच सगळ्यात खरा वाटतो. पाटलाची लेक झोपडपट्टीत राहते, बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला जाते, संडासाच्या वासानं तिला मळमळतं, घरची आठवण येते. त्यांना आसरा देणारी सुमनअक्का स्वतः डोशाची गाडी चालवणारी एकटी बाई. नातं नाही, गोतं नाही. पळून गेलेल्या पोरीला उभं करते ती अशी एखादी बाई.

आणि एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. परश्या अर्चीवर संशय घेतो आणि तिच्यावर हात उगारतो. जातीचा अन्याय सोसलेला पोरगासुद्धा बायकोपुढे नवराच होतो. सिनेमा हे दाखवतो, पण पुढे समेट जरा लवकर होतो, असं आमचं मत आहे. तो प्रसंग आला की गटात थांबून बोला.

सगळ्यात जास्त वाद होतो तो अर्चीच्या आईवरून. काही वर्षांनी अर्ची आईला फोन करते, नातवाचा आवाज ऐकवते. त्यानंतर प्रिन्स आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन दारात येतो. अर्ची चहा टाकते. आईला पुढचं माहीत होतं का? सिनेमा सांगत नाही. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, बिचारीला वाटलं असेल राग निवला. काही म्हणतात, पोरीचा पत्ता घरात कळला की काय होईल हे त्या घरातल्या बाईला कळत नाही, असं कसं? इज्जतीची भाषा पुरुष बोलतात, पण घरातली बातमी बहुतेक वेळा आपल्याच तोंडून फुटते. आपल्याला अर्चीसारखी लेक असेल, तर ही जागा फार अवघड आहे.

अर्ची-परश्याला कायदा कुणीच सांगितला नव्हता, तो आपण माहीत करून घेऊ. मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असेल, तर लग्नाला आईवडिलांची, भावकीची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ‘शक्ती वाहिनी’ या संस्थेच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं, आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा आदेश दिला. दोघंही हिंदू असतील तर जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायद्यानं लग्न होतं. धर्म वेगळा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवस आधी नोटीस लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, म्हणून जिवाला धोका असेल तर आधी वकिलाशी बोलावं. मुलगी १८ च्या आतली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बालविवाहाचा आणि पोक्सोचा कायदा लागतो.

परश्याच्या आईबापांना जातभाई वाळीत टाकतात, तेही या सिनेमात आहे. महाराष्ट्रात आता सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमातींतल्या जोडीदाराशी आंतरजातीय लग्न केलं तर सरकारकडून ५० हजार रुपयांची मदतही मिळते. चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायची. घाईची वेळ असेल तर ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर पोरींच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्या.

गटात सिनेमा लावणार असाल तर एका बैठकीत पुरा होणार नाही, दोन दिवस ठेवा. शेवट लागायच्या आधी लहान लेकरांना बाहेर खेळायला पाठवा, आणि वयात आलेल्या पोरींना मात्र आपल्या शेजारी बसवा.