फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकचे टू-व्हील ड्राइव्हमध्ये रूपांतर : एक विवेचन

प्रस्तावना : अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या १९७३ ते १९८६ या काळातील पिकअप ट्रकमध्ये ‘सी’ हे अक्षर टू-व्हील ड्राइव्हचे, तर ‘के’ हे फोर-व्हील ड्राइव्हचे निदर्शक होते. इंधन व देखभालीचा खर्च वाचावा म्हणून काही मालक ‘के’ ट्रकचे रूपांतर करू पाहतात. ते कितपत युक्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रूपांतराचे स्वरूप : गिअरबॉक्सकडून येणारी शक्ती पुढील व मागील आसांकडे पोहोचविण्याचे कार्य ट्रान्स्फर केस करते. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. तथापि, १९७०च्या दशकातील ‘एनपी-२०३’ या फुल-टाइम ट्रान्स्फर केसमध्ये मधला डिफरन्शियल असतो. शाफ्ट काढताच शक्ती मोकळ्या टोकाकडे जाते आणि डिफरन्शियल ‘लॉक’ न केल्यास ट्रक जागचा हलत नाही. संपूर्ण ट्रान्स्फर केस काढल्यास गिअरबॉक्सचा मागील शाफ्ट व आवरण बदलावे लागते. मागचा प्रोपेलर शाफ्टही लांब करावा लागतो. पुढच्या अखंड आसाऐवजी ‘सी’ ट्रकचे कॉइल स्प्रिंगयुक्त स्वतंत्र सस्पेन्शन बसवायचे, तर चासीतच फेरफार अटळ ठरतो.

समारोप : पार्ट-टाइम ट्रकचे पुढचे हब मोकळे ठेवल्यास पुढची यंत्रणा एरवीही फिरत नाही. ती काढल्याने प्रामुख्याने वजनच घटते. म्हणजेच लाभ अल्प, तर चासी कापल्याने होणारी हानी कायमची. सबब, काढलेले भाग पुन्हा जोडता येतील, एवढ्याच मर्यादेत रूपांतर करणे श्रेयस्कर होय.