आवर्तन सुटलं की छत्री उघडते

भंडारदऱ्याला निघालेला पर्यटक हवामानाचा अंदाज बघतो, खोली ठरवतो आणि घोटीच्या पुढे रस्ता कसा आहे याची चौकशी करतो. धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलंय का, हे मात्र तो कुणालाच विचारत नाही. तिथे काय दिसणार आणि काय नाही, हे बरंचसं त्याच एका प्रश्नावर ठरतं.

धरणाच्या भिंतीखालचा अंब्रेला फॉल हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. भिंतीतल्या विमोचकातून पाणी सोडलं की ते समोरच्या गोलसर खडकावरून चहूबाजूंनी पसरत उतरतं आणि उघडलेल्या छत्रीसारखं दिसतं. ही छत्री उघडायची की मिटायची, हे पावसावर कमी आणि प्रवरेच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतीवर जास्त अवलंबून असतं. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या पिकांना पाणी हवं असलं की आवर्तन सुटतं. त्यामुळे मे महिन्याच्या रणरणत्या दुपारीही धबधबा जोरात असू शकतो आणि सगळा डोंगर हिरवागार असताना खडक कोरडाही सापडू शकतो.

कारण हा तलाव बांधला गेला तो शेतीसाठी, सहलीसाठी नव्हे. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्याला पाणी द्यायला अकोले तालुक्यात प्रवरेवर धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून धरण झालं ‘विल्सन डॅम’, तर जलाशयाला आर्थर हिल या इंजिनिअरवरून ‘आर्थर लेक’ म्हणू लागले. दगड-चुन्यातली ही भिंत सुमारे २७० फूट उंच आहे. मागे मावतं ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट पाणी, म्हणजे साधारण ११ टीएमसी. नगरकडच्या शेतकऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो. या पाण्यावर प्रवरा खोऱ्यात ऊस वाढला आणि उसावर १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. काठावर उभं राहून मुंबईकर ज्या पाण्यासोबत सेल्फी काढतो, त्यातला बराचसा ऊसच आहे म्हणायचा!

पाणी येतं पश्चिमेकडून. तलावाच्या टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर आहे आणि तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ‘नगरची चेरापुंजी’ हे बिरुद त्याने कमावलेलं आहे. याच दुष्काळी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे शेतकरी टँकरची वाट बघत असतात, हे घाटघरच्या धुक्यात उभ्या माणसाला पटणं अवघड. जलाशय बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरत आलेला असतो. पंधरा ऑगस्टला धरण भरणार का, यावर खाली तालुक्यांत पैजा लागल्यासारखी चर्चा चालते. भरलं की जादा पाणी नदीत सोडतात आणि काही किलोमीटर खालचा रंधा धबधबा खऱ्या अर्थाने जागा होतो. एरवी प्रवरेचं पाणी वीजनिर्मितीसाठी वळवलेलं असतं, म्हणून जानेवारीत रंध्याला गेलेला माणूस निव्वळ खोल दरी बघून परततो.

घाटघरच्या कोकणकड्यावर जाणारे बहुतेक लोक वाऱ्यात टोप्या सांभाळण्यातच दंग असतात. जवळच असलेल्या छोट्या जलाशयाकडे त्यांचं लक्ष जात नाही. तो घाटघर उदंचन प्रकल्पाचा वरचा तलाव. खालचा तलाव कड्याखाली, शहापूर तालुक्यात चोंढ्याला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने चारशे मीटरच्या वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज करायची, असा हा रोजचा झोका.

तलावाला वळसा घालणारा रस्ता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे. धरणाजवळच्या शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि पुन्हा शेंडी. पूर्वी रतनवाडीला लाँचने जावं लागे. आता गाड्या थेट अमृतेश्वराच्या दारात उभ्या राहतात. सुमारे हजार वर्षांपूर्वीचं हे शिवमंदिर आणि शेजारची कोनाड्यांनी वेढलेली पुष्करणी निवांत बघायला तासभर लागतो. दहा मिनिटांत फोटो काढून निघणाऱ्यांसाठी ते बांधलेलं नाही. मागे उभ्या रतनगडाच्या माथ्याला आरपार भोक आहे, त्याला ‘नेढं’ म्हणतात. प्रवरेचा उगम याच डोंगरातला.

गर्दीचा खरा पेच मात्र काजव्यांचा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या आगेमागे, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. नर प्रकाश टाकतो, मादी उत्तर देते. हे सगळं जोडीदार शोधण्यासाठी. अळ्या कित्येक महिने ओलसर मातीत गोगलगायी खाऊन वाढलेल्या असतात, पण प्रौढ काजव्याला मिळतात जेमतेम काही आठवडे. नेमक्या त्याच आठवड्यांत शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, मोबाइलची बॅटरी आणि फ्लॅश यांच्या झोतात मादीला नराचा इशारा दिसेनासा होतो, झाडाखालच्या गवतात बसलेले किडे पायदळी जातात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वन विभाग नाक्यावर प्रवेश शुल्क घेतो, या दिवसांत रात्रीच्या वेळा ठरवून देतो आणि आवाजाला मनाई करतो. काजवे खरोखर बघायचे असतील तर आठवड्याच्या मधल्या वारी, अमावास्येच्या आसपास यावं. गाडी गावात ठेवावी आणि दिवा न लावता गावातल्याच वाटाड्याबरोबर जावं.

वाटाड्या बहुधा महादेव कोळी किंवा ठाकर घरातला असतो. काठावरच्या या गावांची शेती उतारावरची: पावसाळ्यात भात, नागली, वरई. तलाव दारात असला तरी पाणी जायचं खालच्या तालुक्यांत, म्हणून भातकापणी उरकली की अनेक कुटुंबं मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जात. हिवाळ्यात तलावाकाठी पर्यटकांसाठी लागणाऱ्या तंबूंनी काही घरांना गावातच रोजगार दिला. तलाव ओसरतो तसे हे तंबूही उतारावरून खाली सरकत जातात. त्यामुळे डिसेंबरचा फोटो बघून एप्रिलमध्ये आलेल्याला आपली जागा सापडत नाही. रात्री मोठ्याने लावलेली गाणी आणि सकाळी उरलेल्या बाटल्या ही या धंद्याची वाईट बाजू, आणि त्याचा त्रास सगळ्यांत आधी शेजारच्या वाडीलाच होतो.

कळसूबाई आणि सांदण हे दोन्ही भंडारदऱ्याच्या एका दिवसात कोंबण्याचा मोह टाळलेला बरा. १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, राज्यातलं सर्वोच्च शिखर, बारी गावातून चढायला निम्मा दिवस घेतं. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात जिवावर बेतणारी. त्यानंतरही काही महिने मधल्या डोहांत कंबरेपर्यंत पाणी असतं, म्हणून फेब्रुवारीनंतर जाणं सोयीचं. कुठेही गेलात तरी जेवणाची वर्दी सकाळी निघतानाच गावातल्या घरी द्यावी. नागलीच्या भाकरीला चूल तापवावी लागते आणि आयत्या वेळी आलेल्या वीस जणांना कुठलीच ताई पुरी पडत नाही.