रोजा न ठेवण्याचा सब्र

नांदेडचा इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, सहरीच्या वेळी जाग्या घरांतून दर रमजानला एक वाद ऐकू येतो. अम्मींना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. डॉक्टरांनी रोजे ठेवू नका म्हणून बजावलेले. तरी सगळ्यांआधी उठून त्याच दस्तरखानावर बसतात. मुलगा काही बोलला की एकच उत्तर, 'अल्ला है ना!' मग दुपारच्या उन्हात साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि घर रिक्षा शोधायला धावते. (आषाढी एकादशीला शेजारच्या घरातही हेच घडते.)

याला तवक्कुल, म्हणजे ईश्वरावरचा भरवसा, म्हणायचे का? पवित्र कुरआनात, सूरह बकरामध्ये, रोजांच्या आज्ञेला लागूनच आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढावेत. बरे होण्याची आशाच नसेल, तर रोजामागे एका गरिबाला जेवण द्यावे. यालाच फिदिया म्हणतात. रोजा ज्याने सांगितला, सवलतही त्यानेच दिली. मग एक हुकूम मानायचा आणि दुसरा नाकारायचा, हे कसे?

सातव्या शतकात शाम प्रांतात प्लेग पसरला, तेव्हा हजरत उमर वाटेतूनच परत फिरले. अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का, असे हजरत अबू उबैदा यांनी विचारले. उमर यांच्या उत्तराचा आशय असा, की आम्ही त्याच्या एका तकदीरीतून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जातो आहोत. दवाखान्याची वाटही त्या तकदीरीतलीच.

खरे तर अम्मींना उपाशी राहणे जड जात नाही. जड जाते ते आपण आजारी आहोत हे मान्य करणे. सगळे घर रोजेदार आणि आपण आडोशाला बसून पोळी खायची, याचे दुःख खोटे नसते. हजरत याकूब मुलाच्या विरहात दृष्टी जाईपर्यंत रडले, तरी कुरआन त्यांना सब्र करणाऱ्यांतच गणतो. मात्र 'अल्ला की मर्जी' हे शब्द आजाऱ्याने स्वतःशी म्हणावेत. भेटायला आलेल्यांनी ते त्याला ऐकवू नयेत. त्यांनी गोळ्या आणून द्याव्यात.

काही घरांत आता महिना लागण्याआधीच डॉक्टरांना विचारतात आणि फिदियाचे धान्य वेगळे काढतात. मगरिबच्या अजानआधी अम्मी साखर तपासून घेतात, खजुराच्या ताटल्या लावतात आणि सगळ्यांसोबत दुआला हात उचलतात.