हॅम सेट आणि संगणक: साऊंड कार्डाची जोडणी

रात्री सेट ७.०७४ मेगाहर्ट्‌झवर लावला, की स्पीकरमधून शिट्ट्यांचा कल्लोळ ऐकू येतो. बारा-तेरा सेकंद चालतो, थोडा थांबतो, पुन्हा सुरू होतो. हा एफटी८, संगणकाच्या मदतीनं संवाद करण्याचा एक मोड. त्या कल्लोळात एकाच वेळी कितीतरी स्टेशनं एकमेकांना हाका मारत असतात. कानाला त्यातलं काही उमगत नाही, पण संगणक एकेक हाक वेगळी काढून पडद्यावर लिहून दाखवतो. त्यासाठी एसएसबीचा (सिंगल साइडबँडचा) सेट, साधा लॅपटॉप आणि या दोघांमधली केबल एवढंच लागतं. केबल घरी बनवता येते. तिच्यातून आवाज किती जाऊ द्यायचा, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं, आणि खरं कौशल्य तिथंच आहे.

सेटला फक्त आवाज कळतो

एसएसबी सेट माइकमधून येणारा आवाज उचलतो आणि रेडिओच्या फ्रीक्वेन्सीवर नेऊन ठेवतो. तो माणसाचा की संगणकाचा, याच्याशी सेटला काही देणंघेणं नसतं. डायल ७.०७४ वर, मोड अपर साइडबँड आणि आत १५०० हर्ट्‌झचा एक स्वर दिला, तर अँटेनातून ७.०७५५ मेगाहर्ट्‌झवर एकच स्वच्छ लहर निघते. स्वर ६.२५ हर्ट्‌झनं वर सरकवला, की लहरही तेवढीच सरकते. एफटी८मध्ये असे आठ स्वर आहेत. प्रत्येक स्वर ०.१६ सेकंद टिकतो, ७९ स्वरांचा एक संदेश १२.६४ सेकंदांत पुरा होतो आणि बँडवर जागा व्यापतो जेमतेम ५० हर्ट्‌झ.

पूर्वी अशा कामाला स्वतंत्र मोडेम लागे. १९९८च्या अखेरीस ब्रिटनमधल्या पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके३१ हा मोड साऊंड कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमसह सर्वांना खुला केला आणि मोडेमचं काम संगणकानं उचललं. एफटी८ आला २०१७ मध्ये. तो जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी रचला. टेलर हे खगोलशास्त्रज्ञ, जोड-पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासह १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत हुडकून काढणं हा त्यांच्या विषयाचाच भाग. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सारचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच करावं लागतं. २५०० हर्ट्‌झ रुंदीत मोजलेल्या गोंगाटापेक्षा सुमारे २१ डेसिबल खाली असलेला संकेतही एफटी८ वाचतो, त्यामागे ही सगळी तपश्चर्या आहे.

केबलीत असतं काय

सेटकडून संगणकाकडे येणारा आवाज, संगणकाकडून सेटकडे जाणारा आवाज, प्रक्षेपण सुरू करणारी पीटीटीची तार आणि ग्राउंड. संपलं.

ही जोडणी माइक आणि हेडफोनच्या सॉकेटमधून करता येते, पण सेटच्या मागे डेटा सॉकेट असेल तर तेच वापरा. बऱ्याच सेटवर ते सहा पिनांचं मिनी-डिन असतं: पिन १ आवाज आत, २ ग्राउंड, ३ पीटीटी आणि ५ आवाज बाहेर. या सॉकेटमधून येणाऱ्या आवाजावर सेटच्या व्हॉल्यूमच्या बटणाचा परिणाम होत नाही. रात्री घरातले झोपल्यावर स्पीकर पूर्ण बंद केला तरी संगणकाला ऐकू येत राहतं. सेटचं मॅन्युअल उघडून पिन तपासल्याशिवाय मात्र डाग देऊ नका. समोरून पाहिलेलं सॉकेट आणि मागून डाग द्यायचा प्लग यांत डावं-उजवं उलटं होतं.

पातळी: एक व्होल्ट आणि दहा मिलिव्होल्ट

संगणकाचं हेडफोन सॉकेट एक व्होल्टच्या आसपास आवाज बाहेर काढतं. सेटच्या माइक सॉकेटला हवे असतात साधारण दहा मिलिव्होल्ट. म्हणजे शंभरपट फरक. केबल थेट जोडली, की सेटचा पहिलाच अँप्लिफायर आवाजाचे माथे छाटून टाकतो. विंडोजचा व्हॉल्यूम दोन-तीन टक्क्यांवर आणून काम भागवणारे पुष्कळ आहेत, पण तिथं स्लायडर केसभर हलला तरी आवाज दुप्पट होतो आणि संगणकाची स्वतःची खरखरही त्या क्षीण आवाजाच्या बरोबरीनं सेटमध्ये शिरते.

उपाय दोन रेझिस्टरचा. संगणकाकडून येणाऱ्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत घाला आणि त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडकडे १०० ओहमचा लावा. सेटला जाणारी तार या दोघांच्या सांध्यावरून घ्या. व्होल्टेज बरोबर एकशेएकाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे सुमारे ४० डेसिबल खाली. आता विंडोजचा व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर ठेवून आरामात बारीक फेरफार करता येतात. हे दोन्ही रेझिस्टर सेटच्या बाजूच्या प्लगजवळ बसवावेत. लांब तारेतून मोठा आवाज आणायचा आणि शेवटच्या दोन इंचांत तो बारीक करायचा, म्हणजे वाटेत तारेनं पकडलेला कचराही शंभरपट कमी होतो.

इलेक्ट्रेट माइकसाठी बनवलेल्या सेटच्या सॉकेटवर माइकला लागणारं काही व्होल्टचं डीसीही असतं. लॅपटॉपच्या माइक सॉकेटवरही ते असतं. ते अडवायला तारेत एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो.

उलट दिशेला म्हणजे सेटकडून संगणकाकडे काळजी वेगळी. स्पीकरच्या सॉकेटमधून काही व्होल्ट सहज येतात आणि संगणकाच्या गुलाबी माइक सॉकेटला ते झेपत नाहीत. जुन्या डेस्कटॉपला निळं लाइन-इन असेल तर ते घ्या. नसेल तर या बाजूलाही तसलीच रेझिस्टरची जोडी बसवा. लॅपटॉपवर हल्ली हेडफोन आणि माइक मिळून एकच सॉकेट असतं. त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा बाजारात मिळणारं छोटं यूएसबी साऊंड कार्ड घेतलेलं चांगलं, कारण मग संगणकाचं स्वतःचं साऊंड कार्ड गाण्यांसाठी मोकळं राहतं.

गुणगुण घालवणारे ट्रान्सफॉर्मर

संगणकाचा चार्जर एका सॉकेटवर, सेटचा पॉवर सप्लाय दुसऱ्या. दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असतो आणि ऑडिओ केबलचं ग्राउंड जोडलं, की त्या फरकाचा प्रवाह तिच्यातून वाहू लागतो. परिणाम म्हणजे ५० किंवा १०० हर्ट्‌झची गुणगुण, आणि ती तुमच्या संकेतासोबत बँडवर जाते. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत अर्थिंगची अवस्था पाहता ही तक्रार हटकून येतेच.

दोन्ही दिशांच्या आवाजासाठी ६०० ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावला, की आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि तारेचा थेट संबंध तुटतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करा. नाही मिळाले तर जुन्या टेलिफोन मोडेमच्या पाटीवर असा ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मर घातल्यावर दोन्हीकडची ग्राउंड चुकूनही एकमेकांना जोडू नका. धातूच्या डबीत दोन्ही सॉकेट बसवली, की डबीच ती जोडून टाकते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. डबी प्लास्टिकची घ्या किंवा एका बाजूची सॉकेट डबीपासून वेगळी ठेवा.

पीटीटी: सेटला केव्हा बोलायचं ते सांगणं

सर्वांत सोपं व्हॉक्स. आवाज आला, की सेट आपोआप प्रक्षेपण करतो. पण मग ईमेल आल्याची टिंगही प्रक्षेपित होते. त्यापेक्षा सीरियल पोर्टची आरटीएस तार बरी. तिच्यावर १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४एन३५ हा ऑप्टोकपलर लावायचा. आतला एलईडी पेटला, की पलीकडचा ट्रान्झिस्टर सेटची पीटीटी ग्राउंडला जोडतो. खरा आरएस-२३२ पोर्ट विश्रांतीत उणे व्होल्टेज देतो, म्हणून एलईडीला उलट्या दिशेनं एक १एन४१४८ डायोड लावा, नाहीतर तो एलईडी टिकणार नाही. टीटीएल पातळीच्या स्वस्त यूएसबी कन्व्हर्टरवर आरटीएस उलटी चालते, म्हणजे विश्रांतीत वर आणि काम करताना खाली. तिथं एलईडी पाच व्होल्ट आणि आरटीएस यांच्यामध्ये येतो.

संगणक सुरू होताना हा पोर्ट कधीकधी क्षणभर चाळवतो. म्हणून आधी संगणक, मग प्रोग्रॅम आणि शेवटी सेट, हा क्रम अंगवळणी पाडून घ्या.

नवीन सेटवर ही कटकट नाही. आयकॉमच्या आयसी-७३००सारख्या सेटच्या पोटातच साऊंड कार्ड आणि सीरियल पोर्ट असतात आणि एका यूएसबी केबलीवर सगळं चालतं. पण आपल्याकडे जुने सेट पुष्कळ आहेत. शिवाय हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स मालिकेतले सेट हातानं जोडून वापरणारेही आहेत. त्यांना ही केबल आणि ही डबी लागणारच.

विंडोजमधली साफसफाई

प्रोग्रॅमांत एफटी८साठी डब्ल्यूएसजेटी-एक्स आणि पीएसके३१, आरटीटीवायसाठी एफएलडिजी हे मोफत मिळतात. त्यांच्या सेटिंगमध्ये यूएसबी साऊंड कार्ड निवडा, पण विंडोजमध्ये ते डिफॉल्ट ठेवू नका. सॅम्पल रेट ४८,००० हर्ट्‌झ करा. माइकच्या नावाखाली विंडोज जे नॉइज सप्रेशन आणि एन्हान्समेंट चालवतं, ते सगळं बंद करा. ते माणसाच्या आवाजासाठी आहे आणि शिट्ट्यांना ते गोंगाट समजून खातं. सेटवरचा स्पीच प्रोसेसर, नॉइज ब्लँकर आणि नॉइज रिडक्शन याच कारणासाठी बंद. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डाव्या कोपऱ्यातला मीटर मोकळ्या बँडवर ३० डेसिबलच्या आसपास आला, की ग्रहणाची पातळी ठीक आहे.

घड्याळही मिळवून घ्या. एफटी८चे टप्पे मिनिटाच्या ०, १५, ३० आणि ४५व्या सेकंदाला सुरू होतात. काही सेकंदांची चूक झाली, की पडदा भरून शिट्ट्या दिसतात आणि एकही ओळ उमटत नाही. इंटरनेटवरून वेळ मिळवणारा प्रोग्रॅम चालू ठेवावा. डोंगरावर नेट नसेल तर जीपीएस.

एएलसीची सुई

आता सर्वांत महत्त्वाचं. प्रक्षेपण सुरू करा, सेटचा मीटर एएलसीवर, म्हणजे जास्त झालेला आवाज दाबणाऱ्या यंत्रणेवर, ठेवा आणि संगणकाचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. एएलसीची सुई हलायला लागली, की मागे या. हलेनाशी झाली, की थांबा. पॉवर कमी हवी असेल तर ती सेटच्या पॉवरच्या बटणानं करा.

याचं कारण असं. आवाज जास्त झाला, की स्वराचे माथे चपटे होतात आणि मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट फ्रीक्वेन्सीचे स्वर तयार होतात. तुम्ही ७०० हर्ट्‌झवर पाठवत असाल तर १४०० आणि २१०० वरही तुमचे भुतासारखे संकेत उमटतात. एसएसबीचा फिल्टर साधारण २७०० हर्ट्‌झपर्यंत सगळं सोडतो, त्यामुळे ते थेट अँटेनातून बाहेर पडतात आणि तिथं क्षीण संकेत ऐकत बसलेल्या कुणाचा तरी संवाद मोडतात. त्यांना नुकसान कुणी केलं हेही लगेच कळत नाही. तेच तुम्ही १७०० वर असाल तर दुप्पट म्हणजे ३४०० हर्ट्‌झ फिल्टरबाहेर जातात. डब्ल्यूएसजेटी-एक्समधला स्प्लिट पर्याय चालू केला, की तो सेटची फ्रीक्वेन्सी आपणहून हलवून स्वर कायम १५०० ते २००० यांच्यामध्ये ठेवतो. सेट संगणकाच्या ताब्यात असेल तर हा पर्याय चालू ठेवाच.

पॉवरचंही भान ठेवा. बोलताना शब्दांच्या मध्ये सेटला श्वास मिळतो, एफटी८मध्ये १२.६४ सेकंद तो पूर्ण ताकदीनं तापत असतो. शंभर वॉटचा सेट तीस-चाळीसवर ठेवलेला बरा. अंतर पार करायला तेवढं भरपूर आहे.

प्रक्षेपण करताना संगणक अडखळला, माउस गोठला किंवा यूएसबी साऊंड कार्ड गायब झालं, तर अँटेनाची ऊर्जा केबलीत घुसते आहे. यूएसबी आणि ऑडिओ केबलीचे काही वेढे फेराइट कड्यातून घ्या. एचएफसाठी ३१ क्रमांकाचं मिश्रण चांगलं. तरीही गेलं नाही, तर दुरुस्ती अँटेनाच्या फीडलाइनवर करायला हवी.

पहिल्या संवादाआधी

प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो, त्यासाठी एएसओसी या ऑपरेटर-प्रमाणपत्राची परीक्षा. केबल जोडल्यावर आधी काही संध्याकाळी फक्त ऐका. मग सीक्यू, म्हणजे सर्वांना उद्देशून हाक, पाठवा आणि पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर पाहा, काही मिनिटांत नकाशावर तुम्हाला ऐकलेली स्टेशनं दिसू लागतात.

संवादात दोन्हीकडून संकेताच्या ताकदीचे डेसिबलमधले आकडे येतात. तुम्हाला समोरचा उणे ५ नं ऐकू आला आणि त्यानं तुम्हाला उणे १८ दिलं, तर त्याची पॉवर तुमच्यापेक्षा जास्त आहे, किंवा तो गोंगाटाच्या जागी बसला आहे. नेहमीच उलटं होत असेल, म्हणजे लोक तुम्हाला छान ऐकतात आणि तुम्हाला ते ऐकू येत नाहीत, तर गोंगाट तुमच्याच घरात आहे. सेट बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच पाडा आणि वॉटरफॉलकडे, म्हणजे संकेत पट्ट्यांसारखे दाखवणाऱ्या पडद्याकडे, पाहा. मग सगळे एमसीबी पाडून मेन पुन्हा लावा आणि एकेक एमसीबी उचला. एलईडी दिवा, इन्व्हर्टर किंवा मोबाइलचा चार्जर, पट्टे कुणाबरोबर परत येतात ते लगेच दिसतं.