जेलचा नखरंग कसा काढावा



लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. शहर आता दाराशी आले आहे. शहराबरोबर शहरातला साजही आला. लग्नसराईत गावच्या मुली नखांना 'जेल' लावून घेतात. रंग सुरेख दिसतो. भांडी घासली, धुणे धुतले, तरी दोन आठवडे हालत नाही. नखे रंगवावीत की नाही, हा आमचा विषय नाही. लावताना पैसे मोजतात आणि काढताना दाताने ओढतात, ते मात्र आम्हांला बघवत नाही!

साधा नखरंग हवेने वाळतो. जेलचे तसे नाही. जेल लावला की बोटे एका दिव्याखाली धरतात. त्या दिव्यातून अतिनील किरण निघतात. ते पडले की जेलचे बारीक कण एकमेकांत गुंफतात. विणलेल्या जाळ्यासारखा घट्ट थर तयार होतो. मग तो घासून काही निघंना.

आता नख कसे असते ते पाहा. कांद्यासारखे त्यालाही पातळ पदर असतात. जेल ओढला की नखाचा वरचा पदरही सोलून येतो. नख पातळ होते, वाकते. गरम पाणी लागले तरी झोंबते. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला ६ महिने लागतात. म्हणून ओढू नये. ब्लेड, सुरी, पेट्रोल, रंगाचा थिनर, यांतले काही वापरू नये.

जेल काढायला ॲसिटोन नावाचे औषध लागते. पाण्यासारखे दिसते, वास उग्र असतो. ते जेलच्या जाळ्यात शिरते. जेल फुगतो आणि नखावरची पकड सोडतो. दुकानात 'रिमूव्हर' मागितला तर बाटली वाचून घ्यावी. काही बाटल्यांत ॲसिटोन नसते. ती साध्या रंगाला चालते, जेलला पुरत नाही. अक्षरे इंग्रजी असली तर दुकानदाराकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

लोणीत तेलाचे डेपो आहेत. टँकरजवळ काडी ओढू नये, हे येथल्या पोरालाही ठाऊक आहे. ॲसिटोन त्याच जातीचे समजा. त्याची वाफ दिसत नाही, पण झटकन पेटते. म्हणून चूल, शेगडी, समई, विडी यांपासून लांब बसावे. खिडकी उघडी टाकावी. ते गरम तर कधीच करू नये. काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत घ्यावे. काही प्लॅस्टिक त्याने विरघळते.

आधी नखे घासायच्या पट्टीने जेलची वरची चमक तेवढी हलकेच घासावी. नखाला पट्टी लागू देऊ नये. बोटाच्या कातडीला खोबरेल तेल चोळावे, पण नखावर तेल नको. कापसाचा नखाएवढा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा. वरून पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद बोटाला गुंडाळावा. एका वेळी एकच हात घ्यावा. दुसरा कामाला मोकळा राहतो. १० ते १५ मिनिटे स्वस्थ बसावे. मध्येच उघडून बघण्याची घाई करू नये. मग एक बोट सोडून पाहावे. जेल सुरकुतलेला दिसेल. बोथट लाकडी काडीने तो मुळाकडून टोकाकडे अलगद लोटावा. सुटंना, तर नवा कापूस लावून आणखी ५ मिनिटे थांबावे. खरवडू नये.

शेवटी हात साबणाने धुऊन नखांना तेल लावावे. नखुरडे झाले असेल किंवा बोटाला जखम असेल, तर हा उपाय करू नये. जेल लावल्यावर बोटांना खाज, सूज, फोड आले, तर तो अंगाला सोसत नाही असे समजावे. पुन्हा लावू नये, डॉक्टरांना दाखवावे.

कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, बोटाला लावायचा चिमटा आपण पुष्कळांनी पाहिला. रक्तात प्राणवायू किती, ते तो सांगतो. त्याचा उजेड नखातून आरपार जातो. नखावर गडद रंग असला तर आकडा चुकू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दवाखान्यात नखरंग काढायला सांगतात. दिवस भरत आलेल्या लेकीसुनेने तो आधीच उतरवून ठेवावा. कळा सुरू झाल्यावर कापूस गुंडाळून पाव तास बसायला सवड कुठली?